बायोफिजिक्समधल्या गाईडची पेपर-यादी आणि सायटेशन्स कशी वाचायची?

प्रश्न असा आहे: एम.एस्सी. फिजिक्स झालं आहे, जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) हातात आहे आणि बायोफिजिक्समध्ये पीएच.डी. करायची आहे. दोन गाईड घ्यायला तयार आहेत. एकांच्या नावावर १६० पेपर आणि एच-इंडेक्स ३८. दुसऱ्यांच्या नावावर ४१ पेपर आणि एच-इंडेक्स १९. घरचे आणि मित्र म्हणतात, डोळे झाकून पहिल्यांकडे जा. हे आकडे खरंच एवढं सांगतात का?

एवढ्यावरून ठरवू नका. हे दोन आकडे वाचून मला फक्त इतकं कळलं की पहिले बहुधा वयाने मोठे आहेत किंवा त्यांचा ग्रुप मोठा आहे, आणि दुसरे यांपैकी काही नसतील. काम कोणाचं चांगलं, कोणाकडे तुम्ही घडाल, याचा पत्ता यात नाही. तो यादीत सापडतो, पण यादी उघडून एकेक पेपर बघावा लागतो. बायोफिजिक्समध्ये तर हे जास्तच खरं आहे, कारण या विषयात सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरांत आलेले संदर्भ, फार वेगवेगळ्या कारणांनी पडतात. निवड समित्यांवर बसून अशा याद्या वाचायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी एच-इंडेक्सचं उरकून घेऊ. सॅन डिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये तो मांडला. समजा एखाद्याच्या दहा पेपरांना अनुक्रमे २१०, ९५, ६०, ४१, ३३, २२, १४, ९, ८ आणि ३ सायटेशन्स आहेत. आठव्या पेपरला ९ आहेत, म्हणजे आठ पेपर असे आहेत की प्रत्येकाला निदान आठ सायटेशन्स आहेत. नवव्याला मात्र ८ च आहेत. म्हणून एच-इंडेक्स ८. आता पहिल्या पेपरच्या २१० च्या जागी ९,००० लिहा. इंडेक्स तरीही ८ च राहतो. ज्या एका पेपरमुळे सगळं क्षेत्र बदललं तो आणि बऱ्यापैकी वापरला गेलेला पेपर, दोघांचं वजन इथे सारखंच. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला, प्रयोगशाळा बंद पडली, तरी तो चढतच राहतो.

हर्श यांनी त्याच लेखात भौतिकशास्त्रासाठी ढोबळ मोजमापंही दिली होती. अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन विद्यापीठात नोकरी कायम व्हायला १२ च्या आसपास, पूर्ण प्राध्यापकपदाला १८, आणि तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यत्वाला ४५ किंवा जास्त. लोक एवढंच लक्षात ठेवतात. त्याच लेखात जीवशास्त्राचे आकडेही आहेत. भौतिकशास्त्रात तेव्हा सगळ्यांत वर एडवर्ड विटन होते ११० वर. जीवविज्ञानात सॉलोमन स्नायडर १९१ वर. जीवशास्त्रात पेपर जास्त निघतात आणि प्रत्येक पेपरमागे संदर्भ जास्त दिले जातात, त्यामुळे तिथले आकडे फुगतात. आणि बायोफिजिक्स नेमकं या दोन्हींच्या सीमेवर आहे. कर्करोगाच्या प्रथिनांवर काम करणारा बायोफिजिसिस्ट आणि लिपिड पटलाच्या (पेशीभोवतीच्या मेदाच्या पडद्याच्या) लवचीकतेची गणितं मांडणारा बायोफिजिसिस्ट एकाच विभागात शेजारी बसतात. पहिल्याला सायटेशन देणाऱ्यांचा समुदाय दुसऱ्याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्या दोघांचे इंडेक्स शेजारी मांडून तुलना करणं अन्यायाचं आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सायटेशन म्हणजे कोणीतरी, कुठल्यातरी कारणाने, त्या पेपरचा उल्लेख केला याची नोंद. कारण कुठलं, हे आकड्यात नसतं. हे नीट समजायला जी. एन. रामचंद्रन यांच्या यादीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही, म्हणून त्यावर थोडा वेळ थांबतो.

रामचंद्रन १९२२ मध्ये एर्नाकुलमला जन्मले, बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली शिकले, केंब्रिजला जाऊन आले, आणि १९५२ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले. त्या सुमारास ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. त्यांच्याशी बोलताना कोलॅजेनची रचना अजून कोणाला सुटलेली नाही असा विषय निघाला. कोलॅजेन म्हणजे आपल्या कातडीत, हाडांत, स्नायुबंधात असणारं प्रथिन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाची क्ष-किरण चित्रं काढली आणि १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये जेमतेम दोन पानांचा लेख छापला: कोलॅजेन तीन साखळ्यांचं बनलेलं असतं. १९५५ च्या सप्टेंबरात त्यांनी त्याची सुधारित आवृत्ती दिली, त्यात या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेत होत्या.

दोन महिन्यांच्या आत, नोव्हेंबरमध्ये, अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांचा लेख त्याच ‘नेचर’मध्ये आला. तीन साखळ्यांचा पीळ त्यांनाही मान्य होता. आक्षेप तपशिलावर होता. मद्रासच्या रचनेत दर तीन अमिनो आम्लांमागे दोन हायड्रोजन बंध होते आणि ते बसवताना काही अणू एकमेकांच्या फार जवळ येत होते. रिच आणि क्रिक यांचं म्हणणं, एकच बंध शक्य आहे. पुढे १९९४ मध्ये कोलॅजेनसारख्या पेप्टाइडची (छोट्या प्रथिनसाखळीची) बारीक तपशिलाची स्फटिकरचना आली, त्यात साखळ्यांमधला थेट बंध एकच निघाला, बाकी बंध पाण्याच्या रेणूंमार्फत जोडलेले. पाण्यामार्फत बंध असू शकतात हे रामचंद्रन यांनी १९६८ मध्येच एका सहकाऱ्याबरोबर मांडलं होतं.

आता या १९५५ च्या लेखाच्या सायटेशन्स कशा मोजायच्या? काही लोक ‘तीन साखळ्यांचा पीळ यांनी शोधला’ म्हणून संदर्भ देतात. काही ‘यांची दोन बंधांची रचना बरोबर नव्हती’ म्हणून देतात. डेटाबेसमध्ये दोन्ही एकेकच. आणि त्या आक्षेपाचं पुढे काय झालं ते तर कुठल्याच मोजणीत येत नाही. अणू फार जवळ येतात म्हणजे नेमके किती जवळ आलेले चालतात, याचा रामचंद्रन यांनी ध्यास घेतला. त्यांच्या गटाने सुटलेल्या स्फटिकरचनांमधून अणूंमधली अंतरं गोळा केली, कुठल्या जोडीला किती अंतर सामान्यपणे असतं आणि अगदी टोकाचं किती चालतं याच्या दोन मर्यादा ठरवल्या, आणि प्रथिनाच्या साखळीतले दोन कोन, फाय आणि साय, फिरवत गेल्यावर कुठल्या जोड्या शक्य आहेत याचा नकाशा काढला. संगणकाच्या आजच्या काळात हे एका दुपारचं काम वाटेल. त्यांनी ते हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर केलं.

तो नकाशा १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलेक्युलर बायॉलॉजी’त आला. लेखक रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन. पानं पाच. जर्नल तेव्हा चारच वर्षांचं होतं. हाच रामचंद्रन प्लॉट, जो आज बारावीनंतरच्या कुठल्याही बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात असतो.

तुम्ही प्रथिनाच्या रचनेचा आजचा कुठलाही पेपर उघडा आणि त्यातला पहिला तक्ता बघा, जिथे क्ष-किरण डेटाची आकडेवारी असते. त्या तक्त्यात खाली एक ओळ असते: रामचंद्रन अनुकूल भागात ९७ टक्के की ९८ टक्के, आणि भागाबाहेर किती. प्रोटीन डेटा बँकेत रचना जमा केली की जो पडताळणी अहवाल मिळतो, त्यातही ही तपासणी असतेच. ती बँक १९७१ मध्ये ७ रचनांवर सुरू झाली आणि आज तिथे दोन लाखांच्या वर रचना आहेत. जवळजवळ प्रत्येक प्रथिनाची रचना या नकाशावर घासून बघितली जाते. आता त्याच पेपरची संदर्भसूची बघा. बहुतेक वेळा १९६३ चा तो लेख तिथे नसतो. ज्या सॉफ्टवेअरने तपासणी केली त्याचा संदर्भ असतो. रामचंद्रन यांचं नाव तक्त्यात आहे, सूचीत नाही, म्हणून सायटेशन पडत नाही.

हे काही कोणाच्या आळसामुळे होत नाही. कल्पना इतकी मुरते की तिचा उगम सांगायची गरज कोणाला वाटत नाही. न्यूटनच्या नियमांसाठी कोण न्यूटनच्या ग्रंथाचा संदर्भ देतं? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या गोष्टीचा विचार केला होता, आणि सायटेशन मोजण्याची पद्धत ज्यांनी सुरू केली त्या यूजीन गारफील्ड यांनीही तिची दखल घेतली होती. म्हणजे मोजणाऱ्यालाही ठाऊक होतं की सगळ्यांत मोठी कामं मोजणीतून निसटतात.

शिवाय ज्यांना संदर्भ द्यायचा असतो तेही सगळे १९६३ चाच देत नाहीत. १९६८ मध्ये रामचंद्रन आणि शशिशेखरन यांनी ‘अ‍ॅडव्हान्सेस इन प्रोटीन केमिस्ट्री’मध्ये दीडशेहून अधिक पानांचं एक प्रकरण लिहिलं. त्यात सगळं सविस्तर असल्यामुळे पुष्कळ लोक त्याचा संदर्भ देतात. एकाच कामाच्या सायटेशन्स अशा दोन ठिकाणी विभागल्या गेल्या.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १९७१ मध्ये रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये एक पेपर लिहिला. क्ष-किरणांच्या अनेक सपाट प्रतिमांपासून वस्तूची त्रिमित रचना परत उभी करायची असेल तर फूरिये रूपांतराच्या लांबच्या वाटेने न जाता कन्व्होल्यूशन (प्रतिमांवर थेट चालणारी, गाळणीसारखी गणिती क्रिया) वापरून ते फार लवकर होतं, असं त्यात दाखवलं होतं. अशी कल्पना रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल आणि रिडल यांनी १९६७ मध्ये मांडलेली होती, हे इथे सांगायला हवं. पण आज सीटी स्कॅनच्या गणितात जो मूलभूत फिल्टर शिकवतात त्याचं नाव ‘राम-लाक’. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमा उभी करायचं फंक्शन वापरलंत आणि कुठला फिल्टर हे सांगितलं नाहीत, तर ते आपण होऊन राम-लाक लावतं. इस्पितळातल्या प्रतिमांवर काम करणाऱ्या मुलांना मी विचारलं आहे, हा राम कोण आणि लाक कोण? प्रथिनांवर काम करणारा तो रामचंद्रन हाच, हे बहुतेकांना माहीत नसतं. कोलॅजेन, प्रथिनांचा नकाशा आणि सीटीचं गणित, या तीन कामांचे वाचक एकमेकांना ओळखतही नाहीत. एका एच-इंडेक्समध्ये हे तिन्ही कसे दिसणार?

बायोफिजिक्समध्ये याच्या उलटही घडतं. सायटेशन्स प्रचंड, पण त्या कामाच्या खोलीमुळे पडलेल्या नसतात. सबंध विज्ञानातला सर्वाधिक सायटेशन्स असलेला पेपर म्हणून ज्याचं नाव घेतात तो ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ चा, द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजायच्या पद्धतीचा. २०१४ मध्ये ‘नेचर’ने यादी केली तेव्हा त्याच्या सायटेशन्स तीन लाखांच्या वर गेल्या होत्या. पद्धत उपयोगाची, म्हणून जो तो संदर्भ देतो. यात वाईट काही नाही. प्रयोगशाळा पद्धतींवरच चालते. फक्त त्या सायटेशन्सचा अर्थ ‘वापरली’ एवढाच घ्यायचा.

सॉफ्टवेअरचंही तसंच. प्रथिनाच्या रचनेत हेलिक्स (पिळाचा भाग) कुठे आणि शीट (पसरट भाग) कुठे हे ठरवणारा काब्श आणि सँडर यांचा १९८३ चा पेपर, रेणू पडद्यावर बघण्यासाठीच्या व्हीएमडीचा १९९६ चा पेपर, हे सगळे याच जातीचे. टोकाचं उदाहरण जॉर्ज शेल्ड्रिक यांचं. स्फटिकरचना सोडवायला ‘शेलएक्स’ नावाचे त्यांचे प्रोग्राम जगभर वापरतात. २००८ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागात त्या प्रोग्रामचा छोटा इतिहास लिहिला आणि सारांशातच सांगून ठेवलं की प्रोग्राम वापरलात तर संदर्भ म्हणून हा लेख चालेल. लोकांनी तसंच केलं. त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, जो २ च्या आसपास असायचा, २००९ साठी ४९.९२६ झाला. जर्नल तेच, संपादक तसेच, बाकीचे लेख पूर्वीसारखेच. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स आल्या, आणि सरासरीला एकच लेख किती वर ओढू शकतो ते यावरून दिसतं. म्हणून कोणी ‘आमचा पेपर दहाच्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये आहे’ म्हणालं, की पेपर वाचावा. ‘बायोफिजिकल जर्नल’चा इम्पॅक्ट फॅक्टर तीनच्या आसपास असतो आणि आमच्या विषयातलं भक्कम काम पिढ्यान्‌पिढ्या तिथे छापलं गेलं आहे. तीन आकडा बघून नाक मुरडू नका.

काळाचीही गंमत बघण्यासारखी आहे. रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने एका सूक्ष्मजीवाच्या जांभळ्या पटलातल्या प्रथिनाची ढोबळ रचना काढली. त्याच प्रथिनाची अणूंच्या पातळीवरची रचना हेंडरसन यांना १९९० मध्ये मिळाली. मधली पंधरा वर्षं. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनासाठी (नमुना गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बघण्याच्या पद्धतीसाठी) त्यांना नोबेल मिळालं ते २०१७ मध्ये. मधल्या काळात दर वर्षी ‘यंदा किती पेपर?’ असं विचारत बसणारी समिती त्यांच्या वाट्याला आली असती, तर हे काम झालं असतं का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. तुमच्या दुसऱ्या गाईडच्या यादीत दोन-तीन वर्षांची पोकळी दिसली तर लगेच शंका घेऊ नका. त्या काळात ते एखादं उपकरण स्वतः बांधत होते का, हे विचारा. ऑप्टिकल ट्वीझर (प्रकाशाने सूक्ष्म कण पकडणारं उपकरण) किंवा एकेरी रेणूचा सूक्ष्मदर्शक उभा करायला वेळ लागतो आणि त्या काळात पेपर येत नाहीत.

आता यादी प्रत्यक्ष हातात घेऊ.

पहिली गोष्ट, नाव बरोबर माणसाचं आहे ना ते बघा. आपल्याकडे ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. कुलकर्णी’ अशा नावाने शोधलंत तर चार-पाच जणांचे पेपर एकाच खात्यात आलेले दिसतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचं उलटं होतं. त्यांचं काम दोन नावांत विभागलं जातं आणि दोन्हीकडे थोडं दिसतं. म्हणून ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) असेल तर त्यावरून जा. सोळा अंकी असतो, २०१२ पासून आहे. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे तीन सायटेशन डेटाबेस एकाच माणसाचे तीन वेगळे आकडे देतात. गूगल प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधी खुले ठेवलेले मसुदे), परिषदांचे लेख असं सगळं धरतं, म्हणून त्याचा आकडा मोठा असतो. तुलना करायची तर दोन्ही गाईडचा आकडा एकाच ठिकाणाहून घ्या.

दुसरी, लेखकांचा क्रम. जीवशास्त्राकडे झुकलेल्या बायोफिजिक्समध्ये पहिलं नाव ज्याने काम केलं त्या विद्यार्थ्याचं, शेवटचं नाव प्रयोगशाळाप्रमुखाचं, आणि पत्रव्यवहार कोणाशी करायचा हे दाखवणारी तारकेची खूण बहुधा त्याच नावावर. मधली नावं मदत केलेल्यांची. सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडून आलेले काही गट मात्र अकारविल्हे नावं लावतात, तिथे क्रमावरून काही काढू नका. १६० पेपरांच्या यादीत किती ठिकाणी गाईडचं नाव शेवटी आहे ते मोजा. समजा ते ५० निघाले आणि बाकीच्या ठिकाणी दहा-वीस नावांच्या मधोमध असेल, तर त्यांच्या प्रयोगशाळेचं स्वतःचं काम ते ५०. उरलेलं सहकार्याचं. सहकार्य चांगलंच, एखाद्याकडे चांगलं मोजमाप यंत्र असलं की सगळे त्याच्याकडे नमुने पाठवतात. पण तुमची पीएच.डी. त्या ५० च्या वळणाची होणार.

तिसरी, जर्नल कुठली आहेत. हा नाजूक विषय आहे तरी बोलायला हवं. पदोन्नतीसाठी गुण मोजायची पद्धत आल्यापासून आपल्याकडे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पेव फुटलं. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये एक अभ्यास छापला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली आणि मोठ्या डेटाबेसमध्ये नसलेली १,००९ जर्नल त्यांनी तपासली. ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल दर्जाहीन असण्याची शक्यता निघाली. काहींचा पत्ता नाही, संपादकांची नावं नाहीत, काहींचा इम्पॅक्ट फॅक्टर खोटा. त्यानंतर यूजीसीने ‘केअर’ यादी आणली, तिचं काम पुणे विद्यापीठातून चालत असे, आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. म्हणजे आता तपासायची जबाबदारी तुमच्यावर आहे. यादीतल्या अनोळखी जर्नलच्या संकेतस्थळावर जा, संपादक मंडळातली दोन नावं उचला आणि ती माणसं खरोखर त्या विषयात काम करतात का ते बघा. दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

चौथी, सायटेशन्स कोण देतं. स्वतःच्या आधीच्या कामाचा संदर्भ देणं गैर नाही. वर्षानुवर्षं एकाच आयन चॅनेलवर काम करणारा माणूस स्वतःचा संदर्भ नाही देणार तर कोणाचा देणार? पण प्रमाण बघा. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका फार मोठे सायटेशन आकडे असलेल्या बायोफिजिसिस्टला ‘जर्नल ऑफ थिअरेटिकल बायॉलॉजी’ने संपादक मंडळावरून दूर केलं, कारण हाताखाली आलेल्या पेपरांच्या लेखकांना ते आपल्याच पेपरांच्या लांबलचक याद्या संदर्भ म्हणून घालायला सांगत होते. कधी कधी पन्नासहून जास्त. ‘नेचर’मध्ये ही बातमी आली होती. अशा सायटेशन्स यादीत इतरांसारख्याच दिसतात. ओळखायचा उपाय एकच. पेपरखालची ‘यांनी संदर्भ दिला’ ही यादी उघडा, त्यातले पाच पेपर निवडा, आणि ज्या वाक्यात संदर्भ आला आहे ते वाक्य वाचा. ‘या विषयावर पुष्कळ काम झालं आहे’ अशा वाक्याशेवटी कंसातल्या पंधरा आकड्यांपैकी एक असेल, तर तो नमस्कार झाला. ‘आम्ही यांच्या मॉडेलमध्ये अमुक बदल केला’ किंवा ‘यांनी मोजलेला दर आमच्या मोजमापाशी जुळत नाही’ असं असेल, तर कोणीतरी ते काम हातात घेऊन वापरलं आहे. मला दुसऱ्या प्रकारच्या पाच सायटेशन्स पहिल्या प्रकारच्या शंभरांपेक्षा जास्त सांगतात, आणि समितीत मी त्याच वाचून दाखवतो.

पाचवी गोष्ट कुठल्याच सायटेशन डेटाबेसमध्ये नाही, पण तुमच्यासाठी सगळ्यांत मोलाची आहे. ‘शोधगंगा’वर जा. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे असतात. दोन्ही गाईडांच्या नावाने शोधा. कोणत्या वर्षी कोणाचा प्रबंध झाला, आणि त्या मुलाचं किंवा मुलीचं नाव गाईडच्या पेपरांवर पहिलं आहे का, हे ताडून बघा. प्रबंध झाला आणि त्यातून पहिल्या नावाचा एकही पेपर नाही, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर सावध व्हा. उलट ४१ पेपरांपैकी १५ वर वेगवेगळ्या विद्यार्थ्यांची पहिली नावं असतील, तर तिथे प्रत्येकाला स्वतःचा प्रश्न मिळतो, असं समजायला हरकत नाही. काही संस्थांचे प्रबंध शोधगंगेवर नसतात. तिथे प्रयोगशाळेच्या पानावरची माजी विद्यार्थ्यांची यादी बघा, आणि ते आज कुठे आहेत तेही.

एवढं झालं की प्रत्येकी तीन पेपर काढा. मागच्या सहा-सात वर्षांतले, गाईडचं नाव शेवटी असलेले. त्यातला एक असा घ्या ज्याला सायटेशन्स कमी आहेत. चांगल्या प्रयोगशाळेचा कमी गाजलेला पेपरही नीट केलेला असतो: किती वेळा मोजलं ते लिहिलेलं असतं, त्रुटीच्या रेषा (एरर बार) कशाच्या आहेत ते सांगितलेलं असतं, न जुळलेला डेटा पुरवणीत तरी दिलेला असतो. जिथे फक्त गाजलेल्या पेपरवर मेहनत घेतलेली दिसते तिथे मी विद्यार्थी पाठवत नाही.

पेपर मागे घेतले गेले आहेत का, तेही बघून ठेवा. प्रामाणिक चूक सापडली म्हणून गाईडने स्वतःहून पेपर मागे घेतला असेल तर माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदरच वाढतो. प्रतिमा फिरवल्याच्या किंवा डेटा पुन्हा वापरल्याच्या तक्रारी असतील तर गोष्ट वेगळी.

तुमच्या दोन गाईडांकडे परत येतो. १६० वाल्यांचे शेवटच्या नावाचे पेपर भरपूर असतील, विद्यार्थ्यांची पहिली नावं दिसत असतील आणि सायटेशन देणारे लोक त्यांच्या कामाशी खरोखर झुंजत असतील, तर जरूर जा. मोठ्या प्रयोगशाळेत यंत्रं असतात, वरिष्ठ पोस्टडॉक शिकवतात. पण १९ वाले वयाने दहा-पंधरा वर्षं लहान असतील, तर त्यांचा १९ कदाचित त्या ३८ पेक्षा वेगाने वर आलेला असेल. हर्श यांनीच त्यासाठी इंडेक्सला संशोधनाच्या वर्षांनी भागायला सांगितलं होतं. पहिल्यांच्या पहिल्या पेपरला ३२ वर्षं झाली असतील तर भागाकार १.२ च्या आसपास. दुसऱ्यांच्या पहिल्या पेपरला १३ वर्षं झाली असतील तर १.५ च्या आसपास. ही वर्षं मी अंदाजाने धरली आहेत. तुम्ही दोघांच्या पहिल्या पेपरचं खरं साल शोधून भागाकार करा. आणि त्या भागाकारावरही निकाल ठरवू नका, घरच्यांना समजावायला तो उपयोगी पडेल एवढंच.

दोघांनाही भेटायला जाल तेव्हा त्यांच्या एका पेपरमधली एक आकृती छापून सोबत न्या. ती आकृती पुढे ठेवून विचारा, की हे मोजमाप आज पुन्हा करायचं तर तुम्ही काय वेगळं कराल? मग गाईड ऑफिसात असताना प्रयोगशाळेत जा आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा, की तुझा चालू प्रश्न कोणी ठरवला, आणि मागचा मसुदा गाईडकडे किती दिवस पडून होता.